शेंदराखालचा पाटा

मित्रांनो, अंगावर शेंदूर आहे म्हणून हात जोडू नका. मी देव नाही. मिरची वाटायचा एक जुना पाटा आहे.

भंडाऱ्याकडच्या एका पाथरवटानं मला घडवलं. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा केवलराम शेती सोडून बायकोसह इकडे आला. दुर्ग स्टेशनापासून खुर्सीपार वस्तीतल्या झोपडीपर्यंत त्यानं मला खांद्यावरून आणलं.

“लोक बायकोसाठी सोनं आणतात, तुम्ही गोटा आणला,” सिंधुताई हसली.

“सोनं भाकरीसंगं खाता येते काय?”

ती सोमवार धरायची. तो देवळाची पायरी चढत नसे. “माहा देव म्हणजे कामावरचा भोंगा,” म्हणायचा. “तो बोलावते, म्हणून चूल पेटते.” पण उपासानं तिचा हात थकला, की चटणी तोच वाटून द्यायचा. त्यांचं प्रेम मी असं पाहिलं.

काही वर्षांनी केवलराम तापानं गेला. “देवाले मानत नव्हता, म्हणून,” शेजारचे गुलाबराव म्हणाले. सिंधुताईनं मला पलीकडच्या झोपडीतल्या अंजनाबाईकडे सोपवलं आणि ती भावाकडे गेली.

अंजनाबाईनं मला कडुनिंबाला टेकवलं. पुढे तिचं पोर गोवरानं फणफणलं. घाबरून तिनं माझ्यावरच पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. पोर बरं झालं. मग गुलाबरावांनी शेंदूर फासला, ओटा बांधला. माझी चटणी खाताना ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं, ते नवस बोलू लागले.

वर्षभरानं सिंधुताई परतली. भावजयीनं ठेवून घेतलं नव्हतं. जवळच्या सुपेला बाजारातल्या एका खानावळीचा मसाला वाटून द्यायचं काम मिळत होतं, पण पाटा आपला हवा होता.

“हा माहा पाटा होय. मले नेऊ द्या.”

“देवाले पाटा म्हणून राहिली? जीभ झडन तुही!” गुलाबराव ओरडले.

तिनं नखांनी शेंदूर खरवडला. टाकीचे घाव उघडे पडले. “अंजनाबाई, तूच सांग. तुह्याच हाती देला होता ना?”

अंजनाबाईनं पोराला पोटाशी धरलं. “मले नाही आठवत.”

लोकांनी सिंधुताईला ओट्यावरून खाली ओढलं. मी दगड, काय करणार होतो?

खानावळीचं काम दुसरीला गेलं. सिंधुताई रस्त्यावर गिट्टी फोडू लागली. एकदा टोपलं घेऊन ती समोरून जाताना गुलाबराव म्हणाले, “पाया पडत जा, बाई. भलं होईन.”

“कावून पडू?” ती थांबली. “माह्या घरी हा राबत होता. तुमच्या इथं नुसता बसून खाऊन राहिला.”

मित्रांनो, ती खरं बोलली. माझ्यापुढे रोज नारळ फुटतात. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी असू द्या, पण ज्या वस्तूवर कुणाचं पोट चालतं, तिला देव करून त्याच्या हातून हिरावू नका.

सिंधुताई आता या वाटेनं जात नाही.