नोवाकबाईंचा मुलगा

लव्हॉनने कुंपणाची फळी दोन्ही हातांनी बडवली. "नोवाकबाई! अहो, बाहेर या! लवकर!"

शेजारची गोरी म्हातारी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. लव्हॉनच्या परसात जार्व्हिस गुडघ्यांवर बसला होता. तिचं विशीतलं धिप्पाड, काळं पोर, झाडं छाटायची मोठी कात्री स्वतःच्याच गळ्याला लावून कुणाशी तरी भांडत होतं. समोर कुणीच नव्हतं.

"गोळ्या बंद केल्यात त्याने. मला जवळ येऊ देत नाहीये."

"मग पोलिसांना फोन कर की! बघतेस काय?"

"तुम्ही करा. सांगा, तुमचाच मुलगा आहे म्हणून."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"काल टीव्हीवर पाहिलंत ना? तो गोरा बंदूक घेऊन दुकानात शिरला, तर त्याच्याशी तासन् तास गोड बोलत बसले. पाणी पाजलं मेल्याला! आणि आपल्या गल्लीतल्या डेशॉनच्या हातात काय होतं? फोन!"

पोलिसांनी डेशॉनला गोळी घातली तेव्हा अर्धं ओहायो रस्त्यावर उतरलं होतं. नोवाकबाई मात्र याच कुंपणाशी म्हणाल्या होत्या, पोलिसांचं ऐकलं असतं तर वाचला असता. तेव्हापासून लव्हॉनने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

म्हातारीने पिठाच्या बोटांनीच नंबर लावला. "माझा मुलगा... हो, माझाच. आजारी आहे हो तो. हळू या."

मग कुंपणाला वळसा घालून येत तिने लव्हॉनचा दंड धरला. "तू आत जा. माझ्याशी कधी भांडलेला नाही तो, मी बसते त्याच्यापाशी. आणि काही झालं तरी बाहेर यायचं नाही. एवढं खोटं बोललेय, आता निभवायला नको?"

लव्हॉन स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिली. गाडी खरंच हळू आली, सायरनसुद्धा नाही. दोन गोरे पोलीस हसऱ्या तोंडाने आत शिरले आणि जार्व्हिसला पाहून जागीच थबकले. पुढच्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला.

"बाई, बाजूला व्हा. तुमचा मुलगा कुठाय?"

"हा काय, हाच." नोवाकबाई उठल्या नाहीत. उलट जार्व्हिसच्या पुढ्यात सरकून फतकल मारून बसल्या. "आधी तो हात काढ तिथून."

"बाजूला व्हा म्हणतोय ना!"

"नाही होत, जा!"

पोलिसांचं न ऐकण्याची म्हातारीची ही पहिलीच वेळ असावी.

जार्व्हिसने मान वर केली. घराकडे बघत तो मोठ्यांदा ओरडला, "आई!"

लव्हॉनने आपली मूठ तोंडात कोंबली.

"ओ बाळा," परसातून नोवाकबाई म्हणाल्या. "इथंच आहे मी. दे बघू ती कात्री."

कात्री गवतावर पडली. लव्हॉन पडद्याआडून हलली नाही. पोलिसाचा हात अजून कमरेलाच होता.