बाळाला गाणं हवं

वालीवच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या रीमाला आठवा महिना लागला होता. लग्न झालेलं नव्हतं. बाळ दत्तक द्यायचं, हे तिने नीट विचार करून स्वतःच ठरवलं होतं. दत्तक संस्थेच्या आशालताताई तिला भेटायला उमेळ्याला, तिच्या मावशीच्या घरी आल्या.

"बाळाच्या नव्या आईबाबांना काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"गाणं लागलं की हे पोटात नाचतं," रीमा म्हणाली. "घरात कुणीतरी गाणारं असू दे. बेसूर असलं तरी चालेल."

"माझं गानं तर त्याला भारी आवडतं!" म्हणत मावशीने सूर लावला. बाळाने जोरात लाथ मारली. रीमाने ताईंचा हात पोटावर ठेवला आणि तिघी हसत सुटल्या.

"आणि तुझं पुढे काय?" ताईंनी विचारलं.

"बारावीला बसणार," रीमा ऐटीत म्हणाली. "मोठं झाल्यावर बाळाला हेही सांगा."