तेविसावा गोल

“बाबली, ह्या स्टेडियम नाय. हय पाय नाय, हात लागतत,” फोरमन रामचंद्रबाब म्हणाले आणि त्यांनी लांब दांड्याचा पाना बाबलीच्या पुढ्यात टाकला.

समोर खनिज वाहणारा टिप्पर उभा होता, चाकांपासून टपापर्यंत धुळीने लाल. मागच्या चाकाचे नट काढायचे होते. बाबलीने पाना लावला, दोन्ही हातांनी ओढला, मग सगळं अंग टाकून ओढला. नट हलला नाही. वर्कशॉपमधली पंधरा-वीस माणसं आपापलं काम करत होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. शेवटी पलीकडच्या टिप्परखालून फिटर विठ्ठल मांजरेकर बाहेर आला. त्याने बाबलीच्या हातातून पाना काढून घेतला, दांड्यावर बुटाच्या टाचेने लाथ घातली आणि नट सुटला. तसेच त्याने सगळे सोडवले आणि पुन्हा खाली सरकला. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, हे बाबलीने तेव्हा पाहिलं.

बाबलीचं कागदावरचं नाव दत्ताराम गावस. रेडिओवर तो नुसता ‘गावस’. देशासाठी त्याने एकोणतीस गोल मारले होते, तोवर कुणीच मारले नव्हते इतके. आणि डिचोलीजवळच्या या खाणीच्या हजेरीपटावर गेली चौदा वर्षं त्याचं नाव होतं ‘गावस द., हेल्पर, वर्कशॉप’. त्या वर्कशॉपात तो आज पहिल्यांदा पाऊल टाकत होता.

त्याचा बाप दोडामार्गाकडून खाणीवर घमेली उचलायला आला, तो इथलाच झाला. खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा सपाट करून पोरांनी मैदान केलं होतं, त्यावर बाबली अनवाणी खेळला. अठ्ठ्याहत्तर साली कंपनीने स्वतःचा फुटबॉल संघ काढला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, “खेळाडू म्हणून आमच्याकडे जागा नसते. वर्कशॉपात हेल्परची एक जागा आहे, तिच्यावर तुझं नाव घालतो. नुसतं नाव. तू खेळ.”

तो खेळला. देशासाठी पहिला गोल क्वालालंपूरला, बदली खेळाडू म्हणून शेवटची सात मिनिटं मिळाली तेव्हा. काठमांडूला एकाच सामन्यात तीन. कोलकात्याला एका बचावपटूच्या कोपराने त्याच्या गालाचं हाड मोडलं, तरी पट्टी बांधून तो परत आत गेला आणि डोक्याने गोल केला. ढाक्याला तेविसावा. वीस वर्षांचा विक्रम मोडणारा हा गोल मात्र मुळीच देखणा नव्हता. कॉर्नरवरून आलेला चेंडू गोलरक्षकाच्या हातून निसटला आणि बाबलीने तो मांडीने आत लोटला. त्यानंतर आणखी सहा. मग गेल्या वर्षी गुडघा गेला. संघाने त्याला मोकळं केलं आणि जून महिन्यात पत्र आलं: क्रीडाविषयक जबाबदाऱ्या संपल्यामुळे आपण मूळ पदावर रुजू व्हावे.

मूळ पद म्हणजे हा पाना.

पंधरा दिवस त्याने चाकं काढली, ग्रीस भरलं, स्प्रिंगांचे पाटे धुतले. गुडघा सुजला. गावातल्या शाळेचे पोरगे फाटकापाशी येऊन त्याला बघून जात, तेव्हा तो टिप्परच्या आडोशाला होई. मग त्याने मराठीत एक अर्ज लिहिला आणि पर्सनल खात्याच्या धोंड साहेबांकडे दिला. चौदा वर्षं झाली, निदान फिटरची ग्रेड द्यावी. आठवड्याने साहेबांनी बोलावलं. अर्जावर त्यांनी इंग्रजीत दोन ओळींचा शेरा मारला होता.

“बसा, बसा. तुम्ही म्हणजे आमचं भूषण,” धोंड साहेब म्हणाले. चहा मागवला. “फिटरच्या ग्रेडला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तुमचा किती?”

“चौदा वर्सां नोकरी झाली, साहेब.”

“नोकरी झाली. काम?”

“आणि एकोणतीस गोल?”

“ते तुम्ही देशासाठी मारलेत, गावस. कंपनीसाठी नव्हेत. कंपनीने आडकाठी केली नाही, एवढंच.” साहेबांनी फाईल उलटली. “आणि दुसरं म्हणजे तुमच्यावर एक मेमो आहे. मेमो असलेल्या माणसाला बढती देता येत नाही.”

“माका मेमो?”

“अकरा डिसेंबर शहाऐंशी. जॅक सांभाळताना हलगर्जीपणा. फिटर मांजरेकर जखमी, डाव्या हाताची दोन बोटं गेली. जबाबदार, हेल्पर गावस.”

बाबलीला तारखा लक्षात राहत नसत, पण ही पाठ होती. खाली स्वागतकक्षात भिंतीवर त्याचा मोठा फोटो होता. दोन्ही हात वर करून धावतोय, मागे चिखलात पडलेला गोलरक्षक. फोटोखालच्या पितळी पट्टीवर कोरलं होतं, ढाका, ११ डिसेंबर १९८६.

“साहेब, त्या दिवशी मी ढाक्याक हुतंय. तुमच्याच भिंतीर लिवलेला आसा.”

“हजेरीपटावर तुम्ही हजर आहात. खाली फोरमनची सही आहे.” साहेबांचा आवाज जराही चढला नाही. “तुम्ही नव्हता म्हणायचं असेल तर तसं लेखी द्या. पण मग ती हजेरी खोटी ठरते, एका दिवसाची नव्हे, चौदा वर्षांची. आणि मांजरेकरांनी सही करून दिलेला जबाबही खोटा. खोटा जबाब देणाऱ्याला कंपनी ठेवत नाही. बघा, विचार करा. चहा घ्या.”

चहा न घेता बाबली उठला. जिन्यावरून उतरताना त्याचे कान तापले होते. मैदानात त्याला कुणी शिवी दिली, जर्सी ओढली, पायावर पाय दिला तरी तो कधी भडकला नव्हता. राग आला की नेम चुकतो, हे त्याला कुणी न शिकवता कळलं होतं. आज त्याला नेम धरायचाच नव्हता.

जेवणाची सुटी होती. विठ्ठल पाण्याच्या टाकीजवळ डबा उघडून बसला होता, जवळच रामचंद्रबाब. बाबली त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“विठ्ठलदादा, जबाबात माजा नाव घातलंस?”

विठ्ठलने घास खाली ठेवला. “घातलंय.”

“मी ढाक्याक हुतंय.”

“माका ठावक आसा तू खय हुतंस ता.” विठ्ठल उठून उभा राहिला. “चौदा वर्सां तुज्या वाट्याचा काम मी केलंय. हेल्पर मागलो की साहेब म्हणत, आसा मरे, गावस आसा. कागदार जागा भरलेली, मगे दुसरो देतले कसो? त्या दिवशी भाषेच्या आंदोलनान रस्ते बंद, अर्धी माणसा येवक नाय. पण टिप्पर होयोच हुतो. जॅक धरूक एक, खाली जावक एक. मी एकटो खाली गेलंय. जॅक सुटलो.”

रामचंद्रबाब खाली बघत म्हणाले, “साहेबानी जबाब तयार लिवनच हाडलेलो. म्हणाले, चूक फिटराची की हेल्पराची, ता सांगा. फिटराची म्हटला तर ह्येची नोकरी गेली. माजी पण. मगे मी पण सही केलंय.”

“आणि माका सांगूक नाय,” बाबली म्हणाला. “सा वर्सां.”

“सांगतलंय कोणाक?” विठ्ठलचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तू हय येतंस कदी? म्हापशाच्या इस्पितळात मी पडललंय, थय रेडिओर तुजो गोल आयकलो. वॉर्डात कोणी तरी पेढे वाटले. डिचोलीचो पोरगो म्हणान माका दोन दिले. डाव्या हाताक बांधलेला, उजव्या हातान खाल्लंय.”

विठ्ठलच्या हाताकडे बघायचं बाबलीने टाळलं, आणि आपण टाळतोय हे विठ्ठलला कळलंय, हेही त्याला दिसलं. तो वळला आणि टिप्परकडे गेला.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला, विमलाला, सगळं सांगितलं. ती मासे कापत होती. कापता कापता थांबली.

“लिवन द्या तुमी. हुतंय ढाक्याक म्हणान.”

“विठ्ठलाक काडून टाकतले. तीन पोरी आसत त्येका.”

“तुमचा नाव घालताना त्येका आमची याद झाली?”

“नाय.”

“मगे?”

विमलाने पुन्हा विळीवर मासा धरला. “देशाचा नाव काडलास, आणि तुमचा नाव चिखलात घालून ठेवल्यानी. तुमी गप ऱ्हवलात तर मी जावन विचारतलंय त्या साहेबाक,” ती म्हणाली. बाबलीला तिचा राग आला नाही. सगळ्यांत सरळ राग तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो ग्रीसने माखलेल्या कपड्यांनिशी स्वागतकक्षात शिरला. वर्कशॉपची माणसं तिथे पुढच्या दाराने येत नसत. धोंड साहेब तिथेच होते, जपानहून खनिजाच्या सौद्याला आलेल्या दोन पाहुण्यांना फोटो दाखवत. पाहुण्यांनी फोटोकडे पाहिलं, मग बाबलीकडे, आणि त्याला ओळखून हसून मान लववली. बाबलीनेही लववली.

“साहेब,” तो म्हणाला, “ह्या पट्टीवरची तारीख वाचा. मगे फायलीतली वाचा. दोनांतला एक खोटा आसा. खोटा काय ता तुमी ठरवा, आणि काडून टाका.”

धोंड साहेब पाहुण्यांकडे बघून हसले, आणि हसत असतानाच हळू आवाजात म्हणाले, “गावस, हे इथे बोलायचं नाही. लेखी द्या.”

“मी कायएक लिवन देवचंय नाय. मी लिवलंय तर विठ्ठलाची मान कापशात. तुमचो कागद आसा, तुमचो फोटो आसा. दोनय तुमचेच. तुमीच बघा.”

“उद्यापर्यंत बघतो.”

साहेबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या शिपायाने वर्कशॉपमध्ये येऊन सांगितलं की फोटो उतरवला. भिंतीला नवा रंग द्यायचाय, असं कारण. मेमोचं काय, हे रामचंद्रबाबनी जाऊन विचारलं. मेमो होता तिथेच होता.

वर्कशॉपमधली हत्यारं हळूहळू थांबली. सगळे बाबलीकडे बघत होते. त्याने पाना बॅरलवर ठेवला, फडक्याला हात पुसले आणि तो चालू लागला.

स्वागतकक्षात भिंतीवर फोटोच्या मापाचा एक पांढरा चौकोन उरला होता. आजूबाजूचा रंग खाणीच्या धुळीने तांबूस झाला होता, हे तो चौकोन दिसेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या खाली पाहुण्यांसाठी फिकट रंगाचा लांब सोफा होता. टेबलामागची मुलगी “काय हवं होतं?” असं विचारायला उठली. बाबली सोफ्याच्या मधोमध बसला. दुखरा गुडघा त्याने पुढे लांब केला.

“साहेबांना बोलावू?” मुलीने विचारलं.

“नको.”

ती फोनकडे गेली, फोन उचलला आणि परत ठेवला. धोंड साहेब जिन्यावर आले, अर्ध्यातून त्यांनी खाली पाहिलं आणि परत वर गेले. बाबलीने त्यांच्याकडे मान वळवली नाही. त्याला ओरडायचं होतं, टेबल उलथायचं होतं, पण नुसतं बसलं तरी हे लोक एवढे घाबरतात, हे त्याला आताच कळलं होतं.

बऱ्याच वेळाने काचेच्या दारापलीकडे विठ्ठल येऊन उभा राहिला. बूट मळलेले म्हणून तो आत यायला बिचकत होता. मग दार ढकलून आत आला.

“मी जबाब बदलून देतंय,” तो म्हणाला. “खरा काय ता लिवन देतंय.”

“नको.”

“तुजी मेहेरबानी माका नको, बाबली.”

“मेहेरबानी नाय.” बाबली पहिल्यांदाच त्याच्या हाताकडे सरळ बघत होता. “हलगर्जीपणा खोटो. पण जॅक धरूक दुसरो माणूस थय होयो हुतो, आणि तो माणूस मी. ता तू खराच लिवलंस. ज्या साहेबानी माका कागदार हजर ठेवल्यानी, त्येंच्या सह्या खय आसत?”

विठ्ठल उभाच राहिला. मग तो सोफ्यावर बसला, आधी नुसता टोकाला, मग पाठ टेकून. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. बाहेर टिप्परांची रांग नदीवरच्या धक्क्याकडे निघाली आणि काचा थरथरल्या. मुलीने दोन ग्लास पाणी आणून दोघांसमोर ठेवलं.

दोघांपैकी कुणीही उठलं नाही.