सव्वा टन गारवा आणि एक उघडी खिडकी

मित्रांनो, पवनीच्या एका शाळेच्या गोदामात, मोडक्या बाकांमागे गंजलेला डबा दिसतो ना, तो मीच. मी एक जुना, दीड टनाचा एसी आहे. टन म्हणजे माझं वजन नव्हे बरं का! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी ओढायची ती ताकद.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी मी नागपूरच्या एका ऑफिसात लागलो. बारा वर्षांनी तिथून मला काढलं आणि याच शाळेतल्या कीर्तीबाईंनी पवनीला घरी आणलं. त्यांचे वडील धनीरामबाबा जन्मभर हातमागावर बसलेले. आदल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं होतं, जीव कसाबसा वाचला. यंदा खोली थंडच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी जीव तोडून चाललो, पण खोली गार होईना. बाई शाळेतून येत तेव्हा बाबा घामाघूम असत. "भंगार गळ्यात पडलं," असं बाई म्हणाल्या. ते मला फार लागलं.

मग एका दुपारी परसराम मिस्त्री आला. त्याने माझी जाळी धुतली आणि वारा मोजायचा चिमुकला पंखा माझ्या तोंडाशी धरला. तोंड एक चौरस फूट, वारा मिनिटाला साडेपाचशे फूट. म्हणजे मिनिटाला साडेपाचशे घनफूट हवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत चौदा अंशांचा फरक. त्याने सगळा हिशेब मांडून पाहिला.

"मशीन चोख हाय, मॅडम. या वयातही सव्वा टन देऊन राहिली. पण ही समोरची खिडकी काहून उघडी?"

"कुलरले खिडकी उघडी ठेवाच लागते," बाबा म्हणाले.

"कुलर नोहोय ना हा, बाबा."

आमच्याकडे कुलरची सवय जुनी, म्हणून बाबांचं कारण सगळ्यांना खरं वाटलं. बाईंनी खिडकी लावली. तासाभरात खोली गार झाली आणि मी अगदी फुगून गेलो. बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून पडले. चहाही घेईनात.

"काय झालं, बाबा?"

"पोरी, कुलरचं खोटं सांगतलं मी. खिडकीतून शेजारच्या मारोतरावचा माग आयकू येते. त्याच्याबिगर मले करमत नाही."

तेव्हापासून रोज ऊन उतरलं, की पाच वाजता बाई मला बंद करीत आणि खिडकी उघडीत. शेजारचा माग खटखटू लागे. बाबांची बोटं चादरीवर, सुताचा धोटा इकडून तिकडे फेकल्यासारखी चालत. माझ्या वाऱ्याचा मला केवढा अभिमान, पण दिवसभर मी त्या तासाचीच वाट पाहायचो.

तिसऱ्या उन्हाळ्यात मारोतरावांनी माग मोडला आणि ते मुलाकडे गेले. पाच वाजता बाई खिडकीकडे निघाल्या.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता काय आयकाचं?"

त्या दिवशी मी बंद झालोच नाही. खोली इतकी गार कधीच झाली नव्हती. बाबांची बोटं हलली नाहीत.

मित्रांनो, यंत्राची जाळी वेळेवर धूत जा, त्याची हवा मोजल्याशिवाय त्याला भंगार म्हणू नका. आणि भर उन्हात कुणी खिडकी उघडी ठेवली, तर रागावण्याआधी ती कशासाठी, तेवढं विचारा. मी तर आता कायमचाच बंद आहे. तरी पाच वाजले, की माग ऐकू येतो का, म्हणून कान देऊन बसतो.