बोटाला लागणारं नाव

"सूनबाई, कागद पालथा करून बोट फिरव. अक्षर हाताले लागलं, तं समज काम बिघडलं."

माझे सासरे नत्थुजी, म्हणजे माझे मामाजी, अकोल्याच्या आमच्या छापखान्यात मला असं शिकवत. शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या ठशांनी, कागदावर नुसतं टेकावं, रुतू नये. रुतले की अक्षरं चेपतात. मामाजी जाऊन बारा वर्षं झाली. सकाळी पोथीचा अध्याय वाचून मी मशीनला हात लावते, आणि छापते त्यांच्याच रीतीनं.

सोमवारी बाळापूरहून उत्तमराव आले. शेवंती-झेंडूची शेती करणारे, मामाजींचे जुने दोस्त. आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मुलगा शेखर सोबत. शेखरच्या मुलीचं, आकांक्षाचं लग्न गुरुवारी होतं.

"बाबा, अमरावतीहून पाचशे पत्रिका छापून आनल्या ना," शेखर वैतागला. "सोनेरी गनपती हाये त्याच्यावर!"

"असंल. माह्या बोटाले गनपती बी गुळगुळीत अन् आकांक्षा बी गुळगुळीत." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, मले एकच पत्रिका करून दे. पोरीचं नाव हाताले लागलं पाह्यजे."

"काका, मामाजींना चाललं नसतं हो."

"नत्थू वर बसून खिळे मोजून राह्यला का? माह्यावर टाक. गेलो की मीच भांडतो त्याच्यासंगं."

मला हसू आलं, पण हो म्हणवेना. मोठ्या टायपातला 'क्षा' एकच उरलाय, आणि खिळे ओतणारा कारखाना कधीच बंद पडला. उत्तमराव मात्र त्या गुळगुळीत पत्रिकेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होते.

"बुधवारी मी स्वतः आणून देते," मी म्हटलं.

मंगळवारी खिळे जुळवले, दाब वाढावा म्हणून पत्रिकेखाली कागदाचे चार जादा थर दिले. पहिल्या खेपेला नाव लागेना. दुसऱ्या खेपेला पत्रिकेचा पुठ्ठा फाटला. तिसरा किंचित ओलसर करून घेतला. डोळे मिटून बोट फिरवलं: आ, कां, क्षा. खिळा काढून पाहिला, तर 'क्षा'ची गाठ चपटी झाली होती. संध्याकाळी मामाजींच्या तसबिरीला हार घालताना वर बघवलं नाही.

बुधवारी शाई वाळली होती. पत्रिका स्वच्छ फडक्यात गुंडाळली, दुमडू नये म्हणून पिशवीत आडवी ठेवली, आणि बाळापूरच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाले.