माळ्यावरची रेसर

बिल्ला काही दिसत नव्हता — सायकलच्या हँडलखालच्या जाड नळीवर जिथे तो असायला हवा तिथे एक तांबडा-काळा थर बसलेला होता, आणि पूर्णिमा इतके दिवस त्याला गंज समजून मागे ठेवत आली होती. बाकीचा गंज आधी काढू, हा सगळ्यांत चिवट दिसतोय, हा शेवटी. डिझेलमध्ये बुडवलेला बोळा तिने त्यावर घासघास घासला तरी काही झालं नाही, मग वैतागून नुसत्या पाण्याचा फडका लावला आणि फडका लालभडक झाला. गंजाचा रंग असा येत नाही. तिने बोटं नाकाशी नेली... हळद. जुनी, कुबट झालेली, पण हळदच. आणि कुंकू. थरावर थर. हँडलच्या फटीत अडकलेलं काहीतरी करडं, चपटं तिने नखाने उकरून काढलं तर ती झेंडूची पाकळी निघाली.

म्हणजे दसरा. एक नव्हे, कितीतरी. खंडेनवमीला विळी, कात्री, बाबांची हत्यारांची पेटी पाटावर मांडून आई सगळ्यांना हळदकुंकू वाहायची हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. पण त्यानंतर घरातले जेवून आडवे झाले की आई स्टुलावर चढून न्हाणीघरावरच्या माळ्यातही हात घालत असणार, कारण थर नेमका तेवढ्याच जागी होता, अंधारात हात लांब केला तर पोचेल तेवढ्याच. आईला माहीत होतं. दादाने कधीतरी परस्पर काही केलं असेल आणि आईने काणाडोळा केला असेल, असं पूर्णिमा गेले दोन महिने स्वतःला समजावत होती. ते आता संपलं. नुसतं माहीत असणं वेगळं, ही बाई वर्षानुवर्षं त्या सायकलची पूजा करत होती. पूर्णिमाने फडका बादलीत आपटला आणि गॅलरीत अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर पाणी उडालं.

चोरीला गेलेली सायकल होती ही. अडतीस वर्षं चोरीलाच गेलेली होती.

लक्ष्मी रस्त्यावर तेव्हा प्रगती ग्राहक भांडार होतं, तीन मजली, सुईपासून कपाटापर्यंत सगळं एका छपराखाली, त्यामुळे लोक रविवारी सहकुटुंब ते बघायला जायचे आणि बहुतेक जण साबणाची वडी घेऊन परत यायचे. ह्या भांडाराला एकदा हुक्की आली की आपल्या नावाची सायकल विकायची. उत्तरेकडून कुठून तरी बनवून आणल्या, पुढे भांडाराचा पितळी बिल्ला ठोकला आणि त्यातली एक, खाली वळलेल्या हँडलची, गिअरची, जांभळट निळी रेसर दर्शनी काचेत उभी केली. बाबांनी ती दादासाठी घेतली. दादा बारावी झाला म्हणून. दादाने ती थोडे दिवस मित्रांना दाखवली, मग त्याचे गुडघे दुखायला लागले, मग त्याच्या मित्राने स्कूटर घेतली, आणि रेसर जिन्याखाली उभी राहिली. मग ती पूर्णिमाने घेतली. घेतली म्हणजे कुणी दिली नाही. कुणी नको म्हणेना, म्हणून चालवत राहिली.

पहाटे खडकवासला... कात्रजचा घाट... अंगावर भावाचाच जुना शर्ट. कॉलेजच्या संघाबरोबर सरावाला गेली तेव्हा एकाने विचारलं होतं की ही सायकल किराण्याबरोबर फुकट मिळाली का. त्याला तिने घाटातल्या बोगद्याच्या आधीच मागे टाकलं आणि तो विषय तिथे मिटला. विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी ठरली. निवड झाली असती तर महिनाभराच्या शिबिराला पतियाळाला जायचं होतं. चाचणीच्या दिवशी पहाटे ती खाली उतरली तर जिन्याखाली काही नव्हतं. जमिनीवर चेनच्या तेलाचा डाग तेवढा होता, आणि ती वेड्यासारखी त्या डागाकडेच बघत राहिली होती.

बाबा चौकीत जाऊन आले. तिथल्या माणसाने सायकल दिग्विजयच्या, म्हणजे दादाच्या, नावावर असताना चालवत कोण होतं असं विचारलं, त्यावर बाबांनी मुलगी असं ताठ मानेने सांगितलं होतं, हे तिला आठवत होतं. त्यानंतर ते बुधवारी कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून आणि रविवारी सकाळपासून जुन्या बाजारात जायचे. भंगाराच्या प्रत्येक ढिगाशी उकिडवे बसायचे. निळा रंग दिसला की ओढून बघायचे, चाक फिरवून बघायचे, विकणारे ओरडायचे — घ्यायची का नुसती खेळायची? तीही दोनचारदा बरोबर गेली होती, मग तिला तो अपमान सोसेना. बाबा मात्र पावसाळा लागेपर्यंत जात राहिले. आणि रोज सकाळी न्हाणीघरात, त्याच माळ्याखाली, स्तोत्र पुटपुटत अंगावर तांब्या ओतत होते. वर सायकल. खाली बाबा. बाबा गेले तेव्हाही त्यांच्या लेखी ती चोरीलाच गेलेली होती.

हे तिला सहन होत नव्हतं. स्वतःचं एक वेळ बाजूला ठेवता आलं असतं... नाही, तेही येत नव्हतं. का ठेवावं?

नारायण पेठेतली इमारत पाडून नवी बांधायची म्हणून दोन महिन्यांपूर्वी घर रिकामं केलं, तेव्हा हमालांनी माळ्यावरून गोधडीत गुंडाळलेलं, एका टोकाला सैल सुटलेलं एक लांबट बोचकं खाली उतरवलं होतं. सुटी केलेली चाकं, सांगाडा, ते वळलेलं हँडल. दादा तिथेच होता. तो हसून म्हणाला होता, "अरे, ही अजून आहे?" त्या 'अजून'वर पूर्णिमाच्या हातातले डबे तसेच राहिले. चोरीला गेलेल्या वस्तूबद्दल कुणी अजून म्हणत नाही. आईने खिडकीबाहेर बघत पितळेची भांडी मोजून घेतलीत का असं हमालांना विचारलं, आणि दादाने लगेच फोटो काढून शेफालीला, म्हणजे त्याच्या मुलीला, पाठवला. शेफालीने बाणेरला कॅफे काढलाय. तिचा तिथल्या तिथे फोन: आत्या, कसली भारी आहे, काउंटरमागच्या भिंतीवर लावू, एकदम व्हिंटेज लुक. भिंतीवर! हरणाचं मुंडकं लावतात तशी.

सायकल मी आधी नीट करते, असं पूर्णिमा म्हणाली होती, आणि दादाला ते फार सोयीचं वाटलं. तुला काय, बँकेतून निवृत्तीच घेतलीयेस, वेळच वेळ. तिने बोचकं सिंहगड रस्त्यावरच्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि त्याच रिक्षातून, त्याच बोचक्याशेजारी, आईलाही आणलं. आई तेव्हापासून तिच्याकडेच होती. गॅलरीत पूर्णिमा रोज सकाळी सायकल घेऊन बसायची. तिने हबमधले छर्रे काढून डिझेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं. चाकांचे आरे एकेक करून पॉलिश पेपरने घासले. त्या मापाचे टायर कुठेच मिळेनात म्हणून कसबा पेठेतल्या एका जुन्या दुकानात खेटे घातले. दुकानदाराने पहिल्यांदा मिळेल म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा आपण मिळेल म्हणालो होतो, आहे म्हणालो नव्हतो, असं ऐकवलं, आणि तिसऱ्यांदा दिले. रात्री खांदे दुखायचे. अनंत, तिचा नवरा, आयोडेक्स लावून द्यायचा आणि एवढी कशाला दगदग असं विचारायचा, आणि तिला त्याचाही राग यायचा, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. राग आला की घासायला जोर यायचा, एवढाच त्याचा उपयोग.

आज संध्याकाळी दादा टेम्पो घेऊन येणार होता. सकाळीच त्याने फोन करून बजावलं, सीट कव्हर नवं घालू नकोस, जुनंच छान दिसतं. ती त्याला नाही म्हणाली नव्हती. हो असंही म्हणाली नव्हती. तिला त्याच्याकडून काही नको होतं. तो आयुष्यभर दुसऱ्याने आणून दिलेलं खाली ठेवत आला होता, त्याच्याशी काय भांडायचं? तिला आईकडून हवं होतं. आईने तोंडाने म्हणायला हवं होतं, मी केलं, आणि का केलं. आणि ते दादा यायच्या आत, कारण तो दारात उभा राहिला की आईला ऐकू येईनासं व्हायचं, चहा टाक, त्याला बेसनाचा लाडू दे, एवढंच काय ते बोलता यायचं.

आई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून कोथिंबीर निवडत होती. पूर्णिमा लाल झालेले हात तसेच घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. उत्तरं तिच्याजवळ तयार होती, आईच्या प्रत्येक कारणाला एकेक: लोक काय म्हणतील, पडलीबिडलीस तर, मुलीची जात, मुलांबरोबर परगावी, स्थळं कोण आणणार... इतक्या वर्षांत तिने ह्या बाईशी मनातल्या मनात जगातल्या सगळ्या विषयांवर वाद घातले होते, आणि आता मुद्द्याचा वाद आला होता.

"सायकलला हळदकुंकू तू लावायचीस?"

आईने तिच्या हातांकडे बघितलं. नाकारलं नाही. "लोखंड घरात आहे म्हटल्यावर दसऱ्याला तसंच ठेवायचं का?"

लोखंडाला उपाशी ठेवायचं नाही. लोखंडाचा मान राखायचा. पूर्णिमाची कानशिलं तापली. तिने विचारलं की वर कुणी चढवली, आणि आईने विळी कुणी दिली असं सांगावं तसं सांगितलं की दिग्विजयने, त्याची कंबर धरली होती चांगली आठवडाभर, मीच बाम लावून दिला.

"बाबा जुन्या बाजारात हिंडत होते, तेव्हा तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं की," आई म्हणाली. "म्हणून रविवारी त्यांना आधी वाढायचे. उन्हातून यायचे ते."

म्हणजे हिने भात वाढला. तिकडे माणूस भंगारात हात काळे करून येतो आणि ही त्याला गरम वरणभात वाढते, वर तूप. आणि माळ्यावर सायकल. पूर्णिमाला ती कोथिंबिरीची जुडी उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. तिने पलंगाची कड घट्ट धरली. पुढचा प्रश्न तिने हळू विचारला. का, एवढाच. ह्या वयात आईला तासन्‌तास बोलायला लावायचं नव्हतं, एक वाक्य पुरे होतं, आणि त्या वाक्यावर ती तुटून पडणार होती.

आईने देठ वेगळे केले, पानं वेगळी केली.

"हरणार असतीस तर मी कशाला एवढा खटाटोप करते? दमून घरी आली असतीस, पाय चेपून दिले असते. पण तू निवडली गेली असतीस."

"तुला काय माहीत?"

"बघितलं होतं. सारसबागेत गणपतीला गेले होते पहाटे, तर रस्त्याने तू आलीस. मी हात केला. तू माझ्यासमोरून गेलीस आणि मला ओळखलंसुद्धा नाहीस. नुसती पुढे बघत होतीस." आईने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "अशी गेलेली मुलगी शिबिर संपवून घरी येते का? मला तरी वाटलं नाही तसं."

तयार उत्तरांतलं एकही ह्याला लागू पडत नव्हतं. बाबांनी तेव्हा तिची समजूत घालताना म्हटलं होतं, जाऊ दे, निवड झालीच असती असं थोडंच आहे. अनंतला लग्नानंतर सांगितलं तेव्हा त्यानेही प्रेमाने तेच म्हटलं. पुढे पुढे ती स्वतःच म्हणायला लागली, बँकेत डबा खाताना, हसत — छे, माझी कसली निवड होतेय, ती भांडाराची सायकल नि मी. आणि म्हणता म्हणता ते खरं वाटायला लागलं होतं, त्यावर तिने सगळं आयुष्य नीट घडी घालून ठेवलं होतं. ज्यांनी ज्यांनी तिच्यावर माया केली त्यांच्यापैकी एकालाही तिची खात्री नव्हती. खात्री होती ती हिला. जिने सायकल लपवली तिला. निवडली गेले असते मी... आईने बघितलंय.

हे वाक्य आत गेलं आणि तिला आनंद झाला. अगदी सरळ, लहान मुलीचा आनंद, आणि तो झाल्याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. कोणत्या तोंडाने आनंद व्हावा? बाबांचे ते उन्हातले रविवार, तिची ती तेलाच्या डागाकडे बघणारी सकाळ, हे सगळं ह्या बाईने केलं, आणि तिच्याकडून मिळालेली शाबासकी आपण अशी अधाशासारखी घेतोय. तिला विचारायचं होतं की मी किती वेगात होते. वाकले होते का? कुठला शर्ट होता अंगात? आणखी कुणी बघत होतं? हे विचारायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं, जन्मात विचारायचं नाही.

बाहेर गॅलरीत फोन वाजायला लागला. दादाच असणार, टेम्पो कुठे लावू म्हणून. तो वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला. आईने निवडलेली कोथिंबीर ताटलीत सारखी केली आणि बघ कोण आहे म्हणाली. पूर्णिमा जागची हलली नाही. आईचा इतका राग तिला आजवर कधीच आला नव्हता, आणि आईने ते सगळं, सारसबागेपासून, पुन्हा एकदा सांगावं असं तिला वाटत होतं.