तोंड जरा इकडे कर

रात्रभर चालणाऱ्या मोटारसायकल शर्यतीचे फोटो काढायचे म्हणजे निम्मं काम बॅटऱ्या ऊबदार ठेवण्याचं. कडाक्याच्या थंडीत त्या बघता बघता मान टाकतात. म्हणून भाची जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आत, पोटाशी बाळगायची. ही युक्ती मामाचीच. वडील गेल्यावर त्याने तिला आपल्या स्टुडिओत घेतलं, हातात कॅमेरा दिला, आणि तेव्हापासून आई येताजाता म्हणायची, "माझा भाऊ होता म्हणून आपण तरलो."

त्या रात्री दोघं रानातल्या एका ओढ्याच्या काठावर उभे होते. वरून निसरडी उतरण, खाली मांडीला टेकेल एवढं पाणी, पलीकडे चढ.

"इथे एखादा तरी आपटणार बघ," मामा हातावर हात चोळत म्हणाला. "जागा हेरावी ती अशी."

भाचीने स्वेटरच्या आतल्या बॅटऱ्या चाचपल्या. नाक गारठून तिला वासही येईनासा झाला होता.

मग झाडीतून एक दिवा डुगडुगत आला. उतरणीवर मागचं चाक सटकलं आणि गाडी स्वारासकट पाण्यात कोसळली. पाय गाडीखाली अडकला. दोन्ही हात तळाच्या दगडांवर रेटून तो कसाबसा तोंड पाण्याबाहेर धरत होता.

भाचीने कॅमेऱ्यासकट उडी घेतली. पाणी असं बोचलं की श्वासच अडकला. तिने गाडीचं हँडल धरून ओढलं. गाडी जरा उचलली गेली आणि पुन्हा त्याच पायावर बसली. स्वार किंचाळला.

"मामा, ये ना! मला एकटीला नाही उचलत!"

"आलो, आलो."

फ्लॅश उडाला. पुन्हा उडाला.

"मामा!"

"तोंड जरा इकडे कर," तो काठावरूनच म्हणाला.

शेवटी मागून आलेल्या दोन स्पर्धकांनी आपल्या गाड्या टाकून पाण्यात धाव घेतली, तेव्हा कुठे पाय सुटला. मामाचे बूट तोवर कोरडेच होते.

फोटो पेपरात पहिल्या पानावर आला. निथळणारी भाची, तिच्या दंडाला लटकलेला स्वार, मागे काळोख. त्याला बक्षीसही मिळालं. आईने अख्ख्या इमारतीत पेपर फिरवला.

भाची मात्र हॉस्पिटलात गेली. स्वाराचा पाय गुडघ्याखाली कापला होता. बायको उशाशी बसून होती.

"डॉक्टर म्हणाले, पाय फार वेळ दबून राहिला," तो म्हणाला. "एक विचारू? तो लखलखाट कसला होता? मला वाटलं, मदतीला माणसं येताहेत टॉर्च घेऊन. त्याच आशेवर तग धरला मी."

"माझा मामा होता," ती म्हणाली. "फोटो काढत होता."

बायकोने मान फिरवली.

संध्याकाळी मामा घरी आला होता. आईने त्याच्यासमोर चहा ठेवला होता.

"पाण्यात आपण दोघं हवे होतो, मामा. पाय वाचला असता त्याचा."

"तू डॉक्टर आहेस का?" मामा शांतपणे म्हणाला. "आणि मीही उतरलो असतो, तर तू काय केलंस ते कोणाला कळलं असतं? नाव झालं तुझं. ते माझ्यामुळे."

"नको होतं मला."

"मामाशी असं बोलतात?" आई कडाडली. "ज्याने हाताला धरून उभं केलं, त्याच्यावर उलटतेस? माफी माग आधी."

भाचीने माफी मागितली नाही. स्टुडिओची किल्ली टेबलावर ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आता ती ओळखपत्रांचे फोटो काढणाऱ्या एका दुकानात बसते. पांढरा पडदा, स्टूल, 'हनुवटी वर' आणि 'डोळे मिटू नका', बस्स. आई अजून तिच्याशी धड बोलत नाही. रविवारी मामा जेवायला येतो, म्हणून त्या दिवशी ती दुकान उघडून बसते. सुट्टीला तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, हे मालकाने तिला दोनदा सांगून झालंय.